वीणा म्हणून आणलेली गिटार

आमच्या गावात गिटार आली ती वीणा म्हणून आली. आणली पाटलानं. पाटलाच्या कानाचं काय वर्णन करावं! सनई वाजली काय आणि मोटेचं चाक करकरलं काय, त्याला दोन्ही सारखंच. पण वाद्य निवडायला कान लागत नाहीत, ऐपत लागते, असा त्याचा पक्का समज होता. हा समज एकट्या आमच्या पाटलाचा नव्हता हे मला पुढे शहरात राहायला आल्यावर कळलं. परवाच एका दुकानात एक गृहस्थ गिटार निवडत होता. लाकूड कुठलं ते विचारलं, गळ्यात घालायचा पट्टा तीनदा बदलला, पेटीच्या आतली मखमल बोटानं दाबून पाहिली. तासभर हे चाललं होतं, आणि या तासाभरात त्यानं तार एकदाही छेडली नाही. मला आमचा पाटील आठवला आणि मी दुकानातून निघून आलो.

गाव देऊळघाटच्या पलीकडे, बैलगाडीनं बुलढाण्याला जाऊन बाजार करून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर. स्वराज्य नुकतंच आलं होतं, पण कचेरीच्या पाटीवर अजून मध्यप्रांत आणि वऱ्हाडच होतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा. आम्ही माळी. विहिरीखाली आमची वांगी, मिरच्या आणि कोथिंबीर. बाप मी पाळण्यात असतानाच गेला होता, म्हणून मला वाढवलं माझ्या मोठ्या चुलत्यानं. आमच्याकडे त्यांना मोठेबाबा म्हणतात. मोठेबाबांना बायको राहिली नव्हती, मूलबाळ झालं नव्हतं, आणि बोलण्याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. बैलाशी जेवढं बोलत तेवढंही माझ्याशी बोलत नसत.

पण वर्षातले सात दिवस या माणसाचा रुबाब काय सांगू! चैत्रात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ता बसायचा. सात दिवस नामाचा गजर चालू, आणि वीणा एका गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्या गळ्यात. मध्ये ती खाली ठेवायची नाही, भिंतीला टेकवायची नाही. ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या पाया पडायचं. मग तो कोणत्याही जातीचा असो, वयानं केवढाही असो, येणाऱ्या प्रत्येकानं वाकायचं, हा रिवाज. पहिला पहारा आणि शेवटचा पहारा वीस वर्षं मोठेबाबांचा. वीणा देवळाची, पण राहायची आमच्या घरी, कारण तिला लावणारा, तिच्या घोडीवर रेशमाचा दोरा सरकवून झंकार आणणारा गावात दुसरा कोणी नव्हता. मी ते काम त्यांच्याकडूनच शिकलो. वर्षभर पाटील त्यांना 'ए माळ्या' म्हणायचा, अन् सप्त्यात त्याच माळ्याच्या पायावर डोकं टेकवायचा. मध्ये पाटलाचं पोट यायचं. वाकून उठेपर्यंत लालबुंद होऊन जायचा बिचारा. मला ते पाहायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तर पाटलाला या वाकण्याचा कंटाळा आला. त्यात तो धाड गावात कोणाच्या सप्त्याला जाऊन आला, आणि तिथली वीणा पाहून आला. तिला म्हणे हस्तिदंती नक्षी होती. त्या दिवसापासून आमची वीणा त्याला भिकारी दिसायला लागली. पुढे खामगावला कापसाच्या एका जिनिंगचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला. पाटील गाडी भरून सामान घेऊन आला. अंघोळीचा मोठा टब आणला, त्यात पुढे बैलांची सरकी भिजायची. आणि एका काळ्या पेटीत ही गिटार.

पाटलाच्या ओट्यावर गाव जमलं. पेटी उघडली. आतून लाल मखमल, त्यात ती, बाई झोपल्यासारखी झोपलेली. कोणी म्हणालं सारंगी, कोणी म्हणालं सतार. पाटील म्हणाला, "अबे, पोट हाय, मान हाय, तारा हायेत, खुंट्या हायेत. वीणा नाही तं काय हाय मंग?" झालं! पाटलानं म्हटलं म्हणजे वीणा. पेटीच्या एका कप्प्यात लोखंडी चिमट्यासारखं एक यंत्र होतं, गिटारीच्या मानेवर आवळून बसवायचं. ते सगळ्यांनी अडकित्ता ठरवलं. पाटलाच्या धाकट्या भावानं तिथल्या तिथे त्यात सुपारी धरून पाहिली. ती फुटली नाही तेव्हा "विलायती मालात दम नाही" असं बोलून ते खिशात टाकलं. कासवाच्या पाठीच्या दोन पातळ चकत्या होत्या, तारा छेडायच्या. त्यांचं काय करायचं हे कोणालाच कळेना, तेव्हा त्याही त्यानंच ठेवून घेतल्या. पुढे त्या चकतीनं तो कानातला मळ काढताना मी स्वतः पाहिला आहे. अशी ही पारखी मंडळी!

मग पाटलानं जाहीर केलं: यंदाच्या सप्त्याला ही वीणा त्याच्याकडून देवाला. आणि ज्यानं वीणा दिली त्याच्या घरचा माणूस पहिला आणि शेवटचा पहारा धरणार, म्हणजे हाच सुपारीवाला भाऊ. मोठेबाबा ओट्याखाली उभे होते. त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

फक्त एक अडचण होती. ती वीणा सुरात लागते का, हे गावात सांगू शकणारी माणसं दोनच, मोठेबाबा आणि मी. मोठेबाबांना विचारण्यात अर्थ नव्हता, ते कशाला हो म्हणतील? म्हणून पाटलानं मला बोलावलं आणि पेटी माझ्या हातात दिली. "दोन दिवस ने, पाह्य, अन् मंग देवळात सर्वांसमोर सांग."

त्या रात्री जेवताना मोठेबाबा त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "लागत नाही म्हून सांगजो. तुह्या शब्दावर हाय आता सारं." मी "हाव" म्हटलं. मला ते काहीच अवघड वाटलं नाही. त्या पाटलाच्या तोंडावर नाही म्हणायला तर मी फुकटात तयार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिटार विहिरीवरच्या खोपीत नेली. खरं तर नाक मुरडतच बसलो होतो. तारांना हात लावला आणि तात ओळखली. पिंजाऱ्याच्या धनुष्याला असते ना, जनावराच्या आतड्याची दोरी, तीच. म्हटलं, वा रे पाटील! मारुतीच्या देवळात आतडी आणून राह्यला. मग एक तार सहज छेडली.

काय सांगू महाराजा! आमच्या वीणेचा आवाज खणखणीत, तो दुरून हाक मारतो. हा आवाज अगदी कानाशी येऊन बोलला. आणि मानेवर ते पडदे! बोट ठेवलं की सूर जागच्या जागी सापडायचा. आमच्या वीणेवर सूर असे बोटानं बदलतच नाहीत, ती आपली उघड्या तारांवर एकच जागा धरून बसते. इथे मी पहिल्या तासात अर्धं भजन काढलं. दुपारपर्यंत पूर्ण. कशी लावायची ते मला ठाऊक नव्हतं, माझ्या मनानं लावली, चुकीचीच लावली असणार. पण दोन दिवस मी भाकरीलासुद्धा घरी गेलो नाही. मोठेबाबा मोट हाकत होते, चाक करकरत होतं, पाणी वांग्यांकडे पळत होतं, आणि मी खोपीत दार लोटून वाजवत होतो. मोटेच्या आवाजात त्यांना काही ऐकू जात नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तिसऱ्या दिवशी देवळात बैठक भरली. मधोमध पाटील, बाजूला त्याचा भाऊ, समोर सप्त्याचे महाराज. हे महाराज मोठे सोयीचे गृहस्थ होते. जिथे तूप जास्त तिथे शास्त्र बरोबर बसवायचे. मोठेबाबा खांबाजवळ मांडी घालून बसले होते.

मी आधी चांगला वागलो, हे सांगायला हवं. म्हटलं, "महाराज, याले तात हाय. आतड्याची." एकदम कुजबुज झाली. चार जणांनी पाय मागे ओढले. मला वाटलं, झालं, सुटलो, खोटं बोलायची पाळीच आली नाही. पण महाराजांनी डोळे मिटले, उघडले आणि निवाडा दिला: तात काढून पोलादी तारा चढवाव्या, पोटात गोमूत्र शिंपडावं, शुद्ध होते. किती सोपं! गिटारीचं अख्खं पोट जनावराच्या कातड्याच्या सरसानं चिकटवलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. नाहीतर सरसासाठीही त्यांनी काहीतरी शिंपडलंच असतं.

मग पाटील माझ्याकडे वळला. "आता सांग. तारा बदलल्या तं लागते का नाही लागत?"

'नाही.' एवढंच म्हणायचं होतं. सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मोठेबाबा तेवढे जमिनीकडे पाहत होते. आणि माझ्या डोक्यात एकच विचार: नाही म्हटलं की ही पेटीत जाईल, पेटी पाटलाच्या माळ्यावर जाईल, आणि तो सुपारीवाला तिची काय गत करेल देव जाणे. हो म्हटलं तर तारा चढवायला ती पुन्हा माझ्याच हातात येणार. सप्ता झाला तरी लावायला मीच लागणार.

मी म्हटलं, "लागते."

मोठेबाबा उठले, टोपी नीट केली आणि बैलांना चारा घालायला निघून गेले. पाटलानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून मला घाण वाटते.

तात काढून मी पिंजाऱ्याला दिली, त्यानं आनंदानं घेतली. मग वीणेच्या पोलादी तारा चढवल्या. खुंट्या सहा होत्या, पण महाराज म्हणाले वीणेला चारच तारा शोभतात, म्हणून दोन खुंट्या रिकाम्या. पाटलाच्या भावानं लोटाभर गोमूत्र आणलं आणि शिंपडायच्या ऐवजी पोटाच्या भोकातून सरळ आत ओतलं. म्हणे अर्धवट शुद्धी कशाला? हलवली की आत डुचमळायचं. "आवाज मोठा येऊ दे, धाडपर्यंत गेला पाहिजे," असा पाटलाचा हुकूम, तेव्हा तारा ताणल्या. आणि पोलाद चढल्यावर तो सूर गेला. जो आवाज ऐकून मी माझ्या माणसाला बुडवलं होतं तोच गेला! उरलं ते पत्र्यावर खडे पडल्यासारखं खडखडणं. मी मूर्खासारखा पाहत बसलो. ज्यांना मी इतका वेळ हसत होतो त्यांच्यापेक्षा मी वेगळा तो काय? ते न ऐकता माती करत होते, मी ऐकून केली.

सप्ता बसला. पाटलाचा भाऊ गळ्यात गिटार घालून उभा राहिला, हार घातलेला, गंध लावलेला. गावानं त्याच्या पाया पडायला रांग लावली, आणि तो दर माणसागणिक फुगत गेला. एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातानं तारा ओरबाडायचा. मोठेबाबा आले नाहीत. कोणी विचारलंही नाही की ते कुठे आहेत. वीस वर्षं ज्याच्या पायावर डोकं टेकवलं तो माणूस नसल्याचं एकालाही जाणवू नये, कमाल आहे आमच्या गावाची!

दुसऱ्या दिवशी पहारा बदलताना मी पाहिलं की गिटारीची छाती फुगून आली आहे. तारा जिथे खाली बांधल्या होत्या ती लाकडी घोडी मागच्या बाजूनं नखभर उचलली होती. तारा उतरवायला हव्या होत्या. मी उतरवल्या नाहीत. होऊ दे जे व्हायचं ते, असा राग आला होता, पाटलाचा आणि तितकाच स्वतःचा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पुन्हा भावाचाच पहारा. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि घोडी उखडून त्याच्या हनुवटीवर बसली. चारही तारा वेटोळी होऊन लोंबायला लागल्या. पोटाची फळी एका अंगानं उघडली आणि आतलं उरलंसुरलं गोमूत्र त्याच्या धोतरावर सांडलं. गजर क्षणभर थांबला, मग महाराजांनी हात उंचावून पुन्हा चालू केला, कारण खंड पडायला नको. आणि आता खरी गंमत. वीणा तर खाली ठेवायची नाही! दुसरी गळ्यात येईपर्यंत ही काढता येत नाही! तो तसाच उभा. हनुवटी धरून, ओल्या धोतरानं, ते मोडकं खोकं छातीशी घेऊन. आणि लोकं रांगेनं येऊन त्याच्या पाया पडून राह्यले! एकालाही हसू आलं नाही. मला आलं, पण हसायला वेळच मिळाला नाही, कारण महाराज माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पळ, जुनी वीणा आण. अन् तुह्या मोठेबाबाले घेऊन ये."

मी पळत घरी गेलो. मोठेबाबा विहिरीवर होते, तिथे गेलो. मोट थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, गिटार फुटली, बोलावून राह्यले. आणि त्यांना बरं वाटावं म्हणून वर म्हटलं, "भंगारच व्हती मोठेबाबा. काही दम नव्हता."

"भंगार काऊन?" ते म्हणाले. "मी ऐकली ना दोन दिवस. चांगली व्हती."

मी वीणा आणायला घराकडे वळलो.

"खोटं आता बोलून राह्यला बे. तवा बोलला असता तं कामी आलं असतं."

त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. बैलाला हाकल्यासारखं बोलले. मग माझ्याबरोबर घरी आले, खुंटीवरची वीणा काढली, फडक्यानं पुसली, कानाशी धरून चारही तारा लावल्या आणि माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "तुम्ही चला." ते म्हणाले, "मले कोनी म्हटलं का, की तुमचा पहारा जाऊन राह्यला? नाही ना. मंग आता कायले येऊ?" मी खूप विनवलं. पाया पडलो. ते परत मोटेकडे गेले, बैल चालू लागले. तिकडे देवळात तो धोतर ओलं करून उभा, खंड पडायची वेळ. मी वीणा उचलून पळालो.

देवळात महाराजांनी विचारलं, "मोठेबाबा?" मी मान हलवली. भाऊ वीणा घ्यायला तयार नव्हता, त्याला आता तारेचीच भीती बसली होती. दुसऱ्या कोणाला ती धरून उभं राहायची हिंमत होईना. महाराज म्हणाले, "तूच घे." आणि मी घेतली. यंदाचा शेवटचा पहाराही त्यांनी माझ्याकडेच दिला, आणि पुढच्या वर्षापासून पहिलाही. मी नाही म्हणू शकलो असतो. तेव्हाही म्हटलं नाही.

ती काळी पेटी मात्र पाटलानं देवाला दिली नव्हतीच. मखमल काढून त्यात त्याच्या घरी पापड ठेवायचे.

काल्याच्या दिवशी सकाळी मी शेवटच्या पहाऱ्यावर उभा होतो. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटील आला, वाकला, लाल होऊन उठला. मला काही आवडलं नाही. त्याच्यामागे आठ-दहा माणसं, आणि त्यांच्यामागे मोठेबाबा. डोक्यावर महाप्रसादासाठी वांग्यांची टोपली. टोपली त्यांनी ओट्यावर उतरवली, हात झटकले आणि रांगेत उभे राहिले.

मला वाटलं, ते फक्त हात जोडतील. रांग पुढे सरकली. माझ्या एका हातात चिपळ्या, दुसरा तारेवर, जागा सोडायची नाही, थांबायचं नाही. मी मानेनं नको नको केलं. मोठेबाबा खाली बसले, दोन्ही हात माझ्या पावलांवर ठेवले आणि कपाळ टेकवलं. नीट टेकवलं, रिवाज म्हणून उरकलं नाही. मग गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठले आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तिसरी तार उतरली बे," ते म्हणाले. "ऐकू नाही येत का तुले?"

मी खुंटीकडे हात नेला, तोवर ते मागच्या माणसाला जागा देऊन बाजूला झाले होते.